पोटरीतला विरोध

तळ्याचा ठराव एकमताने मंजूर झाला. गावात त्याला कुणाचाच विरोध नव्हता. ज्या एका माणसाचा होता, त्याचाही नव्हता. आता हे आपण वाचलंच नाही असं समजू आणि पहिल्यापासून सुरू करू. गावानेही तेच केलं होतं, आणि त्यामुळे कुणाच्या जेवणाची वेळ चुकली नाही.

उन्हाळा लवकर आला होता आणि जायचं नाव घेत नव्हता. खालचं तळं आटत आटत मधल्या खोलगटापुरतं उरलं होतं. त्या पाण्यात ताई गुडघाभर उभी राहून तागाच्या पेंढ्या उलथ्यापालथ्या करत होती. ताग कापायचा, पेंढ्या बांधायच्या, दगड ठेवून त्या पाण्यात दाबायच्या. चांगला भिजून कुजला की काडीवरची साल सुटते. ती सोलायची, धोपटायची, धुवायची, वाळवायची. मग तिचा वाख होतो. घाई केली तर साल सुटत नाही, काडीबरोबर तुटते आणि हातात भुसा येतो. ताईचा वर्षाचा सगळा ताग त्या पाण्यात होता. नवरा गेल्यापासून तिचं पोट त्याच्यावरच होतं. कुजत्या तागाला असा वास येतो, की ताई एखाद्या घरातून उठून गेली तरी वास मागे थोडा वेळ बसून राहायचा. लोक तिला पाठीमागे वासवाली म्हणत, समोर ताई.

वाख जायचा भावाकडे. भाऊ दोरवाला. कमरेला वाखाचा गुंडाळा बांधून तो घरामागच्या लांब वाटेवर उलटा चालायचा. वाटेच्या एका टोकाला त्याची मुलगी चाक फिरवायची आणि बाप हाताने वाख सोडत, पीळ सांभाळत मागे मागे जायचा. दिवसभर. त्यामुळे त्याला घर, मुलगी, चाक, सगळं जग कायम लांब जातानाच दिसायचं. पुढे चालायला त्याला लहानपणी ताईने शिकवलं होतं, मागे चालायला बापाने. त्यातलं दुसरं जास्त उपयोगी पडलं.

अशा चालण्याने पोटऱ्या दगडासारख्या होतात. चालतोय तोवर ठीक. मांडी घालून बसलं की त्या सूड घेतात.

गावात मत द्यायची पद्धत साधी होती. पूर्वी हात वर करत. पण सभा लांबायच्या, लोक हात वर करून जांभया द्यायचे, आणि एकदा अशाच जांभयांमुळे गावाने कुणालाच नको असलेला वळू विकत घेतला. तेव्हा ठरलं, की मान्य असेल त्याने बसून राहावं, विरोध असेल त्याने उभं राहावं. बसून राहायला काहीच करावं लागत नाही. गावाचं एकमत फार लवकर व्हायला लागलं.

त्यात वरच्या खात्याने जाहीर केलं, की वर्षभर ज्या गावाचे सगळे ठराव एकमताने होतील, त्या गावाला डांबरी रस्ता. गावाने मनावर घेतलं. डास कमी झाले आहेत असा ठराव झाला. शाळेचं छप्पर गळत नाही असाही झाला. पाऊसच नव्हता, त्यामुळे तो खराही होता. मागच्या सभेत एकमत होतं यावर लोकांचं एकमत आहे का, तेही एकदा बसून पाहण्यात आलं. होतं.

तळ्याचा ठराव वर्षातला शेवटचा. खडी दाबायला पाणी लागतं, म्हणून तळ्यातलं उरलेलं पाणी रस्त्यासाठी राखावं, आणि त्यात कुजणारा कोणताही जिन्नस ठेवू नये. तळ्यात कुजणारा जिन्नस एकच होता. तो कुणाचा हे ठरावात लिहिलं नव्हतं. गाव सभ्य होतं.

सभेच्या आधी अध्यक्ष दोरवाल्याच्या वाटेवर आले होते. तो उलटा चालत होता, म्हणून तेही त्याच्याबरोबर सुलटे चालले.

"रस्त्याच्या कामाला दोर लागणार. बैलांना, गाड्यांना, पिंपांना. सगळा तुझ्याकडून घेऊ."

"वाख कुठून आणू मग?"

"बाहेरून मागवू. बाहेरचा पांढरा असतो, वासही मारत नाही." अध्यक्ष थांबले. "तुला काही करायचं नाही रे. नुसतं बसायचंय."

दोरवाला आणखी चार पावलं मागे गेला. नाही म्हणायला तेवढं अंतर पुरेसं होतं. तो पीळ सांभाळत राहिला.

ताईला त्याने सांगितलं, "बघतो, बोलतो मी सभेत." बोलायचं नाही हे त्याने तेव्हाच ठरवलं होतं. सभेत जमिनीकडे बघत बसायचं, घरी येऊन 'कुणी ऐकलंच नाही' म्हणायचं. तसं वाक्यही त्याने वाटेवर दोन-चारदा म्हणून पाहिलं.

सभा धान्याच्या कोठारात भरली. दुपारची वेळ, वर पत्रा, खाली शहाबादी फरशी, माणसं एकमेकांच्या घामाला टेकून बसलेली. ताई आली नव्हती. पेंढ्या उलटायचा दिवस होता. कारकुनाने ठराव वाचला. अध्यक्ष म्हणाले, "विरोध असेल त्याने उभं राहावं." आणि ते उठायच्या बेतात चष्मा काढून खिशात ठेवणार, तोच दोरवाल्याच्या डाव्या पोटरीत पेटका आला.

ज्याला पेटका आलाय त्याला विचारा. त्या क्षणी माणसाला गाव नसतं, रस्ता नसतो, बहीण नसते. फक्त पोटरी असते. दोरवाला ताडकन उभा राहिला.

पत्र्यावर कावळा चालत होता, त्याची नखं ऐकू आली.

"बोला," अध्यक्ष म्हणाले. पहिल्यांदाच त्यांनी त्याला अहोजाहो केलं.

दोरवाल्याने दात आवळले होते. चेहरा वाकडा झाला होता, डोळ्यांत पाणी आलं होतं. त्याला बोलता येईना. पेटक्यावर त्याला एकच उपाय माहीत होता. तो उलटा चालायला लागला. अध्यक्षांकडे तोंड करून, एकेक पाऊल मागे टाकत, लोकांच्या मांड्यांमधून वाट काढत तो दारातून बाहेर गेला.

"सभात्याग," कारकून हळूच म्हणाला आणि त्याने तसं लिहिलं.

घरी त्याची बायको, ताईची वहिनी, त्याच्या पोटरीला तेल चोळत होती. गोळा अजून अंगठ्याखाली सरकत होता.

"एवढं दुखतं तर पाय पसरून बसायचं."

"पुढे शिंपी होता."

"मग शिंप्याच्या अंगावर पसरायचे. विरोध करण्यापेक्षा बरं."

तेवढ्यात ताई आली. लुगडं ओलं, हातांना काळा गाळ. ती दारातच थांबली, कारण वहिनीला वासाने मळमळतं हे तिला माहीत होतं.

"मला कळलं सगळं," ती म्हणाली.

"ताई, ते पाय..."

"थरथरत होते ना? थरथरणारच. पहिल्यांदा उभा राहिलास जन्मात." तिने गाळाचे हात लुगड्याला पुसले आणि आणखी गाळ लावून घेतला. "लहानपणी कुत्रं दिसलं की माझ्यामागे लपायचास. झोपलेलं असलं तरी." ती हसायला गेली आणि भलतंच झालं, तोंड वळवून तिने नाक शिंकरलं. "वहिनी, याला आज पोटभर वाढ."

ती गेली. वास बसून राहिला. वहिनीने या वेळी पदर नाकाला लावला नाही.

"सांगा त्यांना," ती म्हणाली.

"उद्या सांगतो."

दुसऱ्या दिवशी त्याला जरा बरं वाटत होतं. पोटरीला नव्हे.

पुढच्या दिवसांत लोक यायला लागले. पुढच्या दाराने कुणी येत नव्हतं. न्हावी घरामागून आला, वाटेच्या कडेने चालत कानाशी म्हणाला, "शाब्बास. मीसुद्धा उभा राहणार होतो, पण मांडीवर पोरगं झोपलं होतं." शाळामास्तर आले, "तत्त्वतः मी तुमच्या बरोबर उभाच होतो. फक्त बसून." शिंपी म्हणाला, "तू पुढे उभा राहिलास म्हणून तर मला मागचं दिसेना." तो दोरवाल्याच्या पुढे बसला होता. पण दोरवाल्याने ते काढलं नाही. तो प्रत्येकाला मान हलवून 'हं' म्हणायचा. तो 'हं' रोज थोडा जाडा होत होता.

"बाबा," मुलगी चाक थांबवून म्हणाली, "तुम्ही हल्ली पोट पुढे काढून मागे चालता."

"चाक फिरव."

समोरच्या दाराने दोर परत येत होते. अध्यक्षांच्या गुराख्याने नवी दावी आणून अंगणात टाकली. "मालक म्हणाले, गुरं हा दोर बांधून घेत नाहीत." गाडीवाल्याने मोडकं चाक आणून दाराला टेकवून ठेवलं. रोज येऊन चाकाकडे बघायचा, मग दोरवाल्याकडे, मग खड्ड्यांच्या रस्त्याकडे, आणि जायचा. चहाच्या दुकानात कारकुनाने भिंतीपाशी एक वेगळी खुर्ची ठेवायला लावली. विरोध असेल तर विरोधाला जागा द्यावी असा नियम त्याने कुठेतरी वाचला होता. खुर्चीचा एक पाय आखूड होता. दोरवाला तिच्यावर बसून चहा प्यायचा आणि सगळं दुकान त्याच्याकडे पाठ करून त्याला मान द्यायचं.

विरोधामुळे ठराव लटकला होता. तो लटकला म्हणून ताग पाण्यात होता. ताई रोज एक काडी काढून नखाने सोलून बघायची आणि पुन्हा बुडवायची. "अजून थोडं," म्हणायची. "मऊ पडायला लागलाय. तू टिकवलास, आता मी टिकवते." दुपारी कामातून उठून ती त्याच्या वाटेच्या टोकाशी, वाऱ्याच्या उलट्या बाजूला येऊन बसायची आणि उलटा चालत येणाऱ्या भावाच्या पाठीकडे कौतुकाने बघायची. ती पाठ तिला दिसते आहे हे त्याच्या पाठीला कळायचं.

आणि मग कारकून आला. पुढच्या दाराने, छत्री घेऊन.

"रस्त्याचे कागद वर जायचेत. एक विरोध आडवा येतोय."

"मी काय करू?"

"मला शिंप्याने सांगितलं, त्या दिवशी तुझा पाय वळला होता."

वहिनी तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला.

"वैद्यकीय कारणाने उभं राहणं विरोधात धरत नाहीत," कारकून म्हणाला. "तसा नियम मी कालच केलाय. उद्या सभा आहे. तू फक्त सांगायचं, पेटका आला होता. आला होता की नाही?"

"आला होता."

"मग? खोटं थोडंच बोलायचंय? लोक खोटं बोलायला लाजतात. तू खरं बोलायला लाजतोयस." त्याने छत्री मिटली, ऊन असूनही. "दोराचं काम अजून तुझंच आहे. ती खुर्चीसुद्धा काढतो. मुलीला बालवाडीत मदतनीस घ्यायचं अध्यक्षांच्या मनात आहे. नाहीतर लोक काय करतील, माझ्या हातात नाही. गाडीवाला चांगला माणूस आहे, पण त्याचं चाक मोडलंय."

कारकून गेल्यावर वहिनीने पुन्हा तांदूळ निवडायला घेतले. बराच वेळ खडा सापडला नाही.

"मी म्हटलं होतं, तेव्हाच सांगा," ती म्हणाली. "तेव्हा नुसतं खरं होतं ते."

दुसऱ्या सभेला ताई आली. आंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून, केसांना तेल लावून आली आणि मागे भिंतीशी बसली. तिच्या शेजारच्या बायका नेहमीच्या सवयीने थोड्या सरकल्या आणि वास येत नाही म्हणून गोंधळून पुन्हा जवळ आल्या. भाऊ आज बोलणार आहे, एवढंच तिला कळलं होतं.

दोरवाल्याला पुढे बोलावलं. तो लोकांकडे तोंड करून उभा राहिला, कारण आता उभं राहायला परवानगी होती.

"त्या दिवशी," तो म्हणाला, "मी उभा राहिलो..."

"मोठ्याने," कारकून म्हणाला.

"मला पेटका आला होता."

"कुठे?"

"पोटरीत."

"कुठल्या?"

"डाव्या." त्याने वाकून डाव्या पोटरीला हात लावून दाखवला, शाळेतलं पोर पाटी दाखवतं तसा. कुणीतरी फसकन हसलं. मास्तर होते.

"म्हणजे विरोध नव्हता?"

तो ताईकडे बघणार नव्हता. पण दिवसभर लांब जाणाऱ्या गोष्टींकडे बघायची डोळ्यांना सवय, ते गेलेच. ताई त्याच्याकडे बघत होती. चेहऱ्यावर राग नव्हता. मोळी उचलताना दोर हातात तुटला की माणूस आधी दोराकडे नुसतं बघतो, तशी ती बघत होती.

"नव्हता," तो म्हणाला.

"बसा," अध्यक्ष म्हणाले. "बस."

तो बसला. कारकुनाने ठराव पुन्हा वाचला. विरोध असेल त्याने उभं राहावं.

मागे भिंतीशी ताई उभी राहिली.

कुणाला आधी कळलंच नाही, कारण मागे बघायची पद्धत नव्हती. मग माना वळल्या.

"ताई, काय झालं?" अध्यक्षांनी मायेने विचारलं.

"विरोध."

"पाय वळला का?"

"माझे पाय ठणठणीत आहेत. दिवसभर पाण्यात उभी असते मी. लिहा, विरोध आहे."

कारकुनाची लेखणी हवेत राहिली. अध्यक्षांनी चष्मा पुसला. मग ते हसले. वडिलकीचं, सगळ्यांना पुरेल असं हसले. "अहो, भावाला तेच बहिणीला. घराण्याचा वात आहे. बिचारीला कळतसुद्धा नाही. आपण सभेलाच विचारू. ताईंना पेटका आला आहे असं ज्यांचं मत आहे त्यांनी बसून राहावं. नाही आला असं वाटत असेल, त्यांनी उभं राहावं."

न्हावी बसला होता. शिंपी बसला होता. मास्तर तत्त्वतः कुठेही असोत, बसले होते. ताई कुणाकडेच बघत नव्हती. ती एकाच डोक्याच्या मागच्या बाजूकडे बघत होती.

आणि त्याच वेळी दोरवाल्याच्या पोटरीत पेटका आला. डाव्याच. पहिल्यापेक्षा मोठा. गोळा सुटला तो गुडघ्यामागे जाऊन बसला, अंगठा वाकडा झाला, डोळ्यांपुढे पांढरं झालं. शरीर आपणहून उठायला निघालं. दोरवाल्याने दोन्ही हातांनी पोटरी धरली. ज्या हातांनी तो दोराचा पीळ सुटू देत नाही, त्या हातांनी त्याने स्वतःला फरशीवर दाबून धरलं. घाम टपटप फरशीवर पडला. ओठ दाताखाली आला आणि रक्ताची चव लागली. शेजारी शिंप्याने हे पाहिलं आणि तो छताकडे बघायला लागला.

"एकमताने पेटका," कारकून म्हणाला. "ठराव मंजूर."

ताई अजून उभीच होती. सभा संपली म्हणून सगळेच उभे राहिले आणि त्यांत ती दिसेनाशी झाली. फक्त दोरवाला बसलेला होता.

दुसऱ्या दिवशी तो तळ्यावर गेला. ताई दगड बाजूला करून पेंढ्या ओढून काठावर टाकत होती. अर्धवट भिजलेला ताग दुप्पट जड होतो. तिने एक काडी सोलून पाहिली, साल बोटभर आली आणि तुटली. दुसरी घेतली, तुटली. ती प्रत्येक काडी सोलून बघत होती, जणू एखादी तरी ठरावाबाहेर असेल.

त्याने धोतर वर खोचलं आणि पाण्यात उतरला. पेंढीला हात घातला.

"अहो दोरवाले," ताई म्हणाली. "बाजूला व्हा. तुमचा पाय वळेल."

आयुष्यात तिने त्याला कधी अहो म्हटलं नव्हतं. त्याच्या लग्नातसुद्धा नाही. त्याने पेंढी सोडली. पाण्यातून बाहेर यायला वळलं तर तिच्याकडे पाठ होईल, म्हणून तो तिच्याकडे तोंड करून उलटा बाहेर आला. काठावर मुलगी उभी होती. तिने बापाला हात दिला नाही. ती पाण्यात उतरली आणि आत्याच्या शेजारी पेंढ्या ओढायला लागली. त्या दिवशी चाक फिरलं नाही. नंतरही ते वहिनीलाच फिरवावं लागलं, आणि बालवाडीत आता शिंप्याची सून आहे.

रस्त्याचं असं झालं, की तो शेजारच्या गावाला मिळाला. त्या गावात एकमत इतकं होतं, की तिथे सभाच भरत नाहीत. बातमी आली. मग अध्यक्षांनी सभा बोलावली आणि रस्ता आला आहे असा ठराव मांडला. सगळे बसले. गाडीवाल्याचं दुसरं चाक त्याच आठवड्यात त्या ठरावातल्या रस्त्यावर मोडलं. तळ्यातलं राखून ठेवलेलं पाणी उन्हाने नेलं. त्याला कुणी विचारलं नाही. तळाशी ताईचे दगड उघडे पडले, सगळे एका रांगेत. ताई आता दुसऱ्यांच्या शेतात कामाला जाते. तिच्या अंगाला वास येत नाही. दोरवाला बाहेरच्या पांढऱ्या वाखाचे दोर वळतो. ते दिसायला छान असतात.

कारकुनाच्या टेबलावर त्याचा एक अर्ज आहे. शाळामास्तरांकडून लिहून घेतलेला आहे. कारकून त्यावर चहाचा कप ठेवतो. मजकूर असा:

'मा. अध्यक्ष, ग्रामसभा, यांसी. अर्जदार, दोर वळण्याचा व्यवसाय. विषय: बसण्यात दुरुस्ती करून मिळणेबाबत. महोदय, कोठारात झालेल्या दुसऱ्या सभेत ताईंच्या पेटक्याचा ठराव मतास टाकला असता अर्जदार बसलेला होता. सदर बसणे अर्जदाराच्या पोटरीस मान्य नव्हते. पोटरी विहित वेळेत उठली होती. अर्जदाराने तिला दोन्ही हातांनी धरून ठेवले, याला शेजारी बसलेले शिंपी साक्षीदार आहेत, परंतु ते छताकडे पाहत होते. पहिल्या सभेतील उभे राहणे वैद्यकीय कारणास्तव बसणे म्हणून धरण्यात आले आहे. त्याच नियमाने दुसऱ्या सभेतील बसणे उभे राहणे म्हणून धरण्यात यावे, ठरावापुढील 'एकमताने' हा शब्द खोडावा, ताईंचे पाय ठणठणीत असल्याची नोंद घ्यावी, आणि तसे ताईंना लेखी कळवून, त्यांनी अर्जदारास पूर्वीप्रमाणे अरेतुरे करावे असे त्यांना आपल्या स्तरावरून आदेश व्हावेत, ही नम्र विनंती.'